एकाच नगाचं काम

घरी जुळवलेला कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचा तर लागणारं बहुतेक सामान बाजारात मिळतं. पंप, रेडिएटर, नळ्या, फिटिंग, आणि चिपवर बसणारा तांब्याचा ब्लॉक. अडतं ते या शेवटच्या वस्तूपाशी. प्रोसेसरचा ब्लॉक त्या सॉकेटच्या कुठल्याही मदरबोर्डवर बसतो, कारण सॉकेटभोवतीची भोकं ठरलेली असतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला ती ७८ मिमीच्या चौकोनात येतात, बोर्ड कुणाचाही असो. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. चिप तीच असली तरी प्रत्येक कंपनी आपापला बोर्ड आखते आणि मेमरी, वीजपुरवठ्याचे भाग आपल्या सोयीने मांडते. त्यामुळे अख्खं कार्ड झाकणारा वॉटर ब्लॉक त्या एका बोर्डापुरताच असतो, आणि कार्ड जुनं झालं की तो बनणंही थांबतं.

माझ्या मुलीकडे असंच एक कार्ड आहे. आरटीएक्स ३०८०, वापरलेलं घेतलेलं. ती ॲनिमेशनचं काम करते. रात्र रात्र रेंडर चालू असतो, आणि कॉम्प्युटर ज्या खोलीत आहे तिथेच तिची आजी झोपते. कार्डाचे तीन पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले की त्या खोलीत कुणाला झोप लागत नाही. त्या बोर्डाचा ब्लॉक आता विकत मिळत नाही, म्हणून तिने तो बनवायचं ठरवलं. माझा थोरला भाऊ भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं शॉप चालवतो. दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मिलिंग मशिनं, एक लेथ, आणि हाताने चालवायचं एक जुनं मिलिंग मशीन. गुरुवारी तिथे सुट्टी असते, मशिनं मोकळी असतात. अशाच एका गुरुवारी ती ड्रॉइंग घेऊन मामाकडे गेली, आणि मामाने नाही म्हटलं.

त्या नकारापासून सुरू झालेलं बोलणं पुढे बरेच दिवस चाललं. ते इथे मांडते आहे. मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे आकड्यांची गोष्ट आली तिथे मीही मध्ये बोलले.

मामा : ड्रॉइंग चांगलं काढलंयस. पण हा जॉब मी घेणार नाही. एका नगासाठी प्रोग्रॅम लिहायचा, व्हाइसला सॉफ्ट जॉ कापायचे, सगळी टूलं लावून एकेकाचा ऑफसेट घ्यायचा. कटिंग तासाभराचं आणि सेटिंग अर्ध्या दिवसाचं. शंभर नग असते तर सेटिंगचा खर्च शंभर जागी वाटला गेला असता. इथे तो सगळा एकाच नगावर बसतो.

भाची : शंभर नग कुणाला हवेत, मामा? हा बोर्ड एकाच मॉडेलचा आहे.

मामा : तेच सांगतोय. आणि पहिलाच नग बरोबर येईल असं धरून चालू नकोस. पहिला नग सेटिंगमध्ये जातो. तांब्याचा ठोकळा बिघडला की तो भंगाराच्या भावात जातो.

भाची : म्हणून पहिला नग मी प्लास्टिकचा काढलाय. हा बघ.

तिने पिशवीतून थ्रीडी प्रिंटरवर काढलेला ब्लॉक बाहेर काढला. त्यामागची तिची पद्धत मला फार आवडली. कार्डाचा कूलर उतरवून, चिपवरची पेस्ट पुसून तिने उघडा बोर्ड स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला आणि ६०० डीपीआयला स्कॅन केला. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, तेव्हा चित्रातला एक ठिपका ०.०४ मिमीच्या आसपास येतो. भोकांच्या जागा काढायला एवढी बारकाई पुरते. मात्र हल्लीचे पातळ स्कॅनर इथे उपयोगाचे नाहीत. बोर्ड काचेला टेकत नाही, त्यावरच्या भागांच्या उंचीएवढा वर राहतो, आणि पातळ स्कॅनरला काचेपासून थोडंही वर असलेलं धूसर दिसतं. आत आरसे आणि भिंग असलेला जुना जाड स्कॅनर लागतो. त्या चित्रावरून तिने भोकं आणि चिप्सच्या कडा आखल्या, कागदावर एकास एक प्रिंट काढून बोर्डवर ठेवून पाहिली, आणि मग प्लास्टिकचा नग काढला.

मामा : (भोकांतून स्क्रू घालून बघत) एक्स-वाय जमलंय. झेडचं काय?

झेड म्हणजे उंची, आणि या सगळ्या कामाचा जीव त्या एका प्रश्नात आहे. ग्राफिक्स कार्डावरच्या मुख्य चिपला धातूची टोपी नसते, सिलिकॉन उघडं असतं. भोवती मेमरीच्या चिप्स, त्यापलीकडे कॉइल आणि मॉस्फेट. प्रत्येकाची उंची वेगळी, आणि ब्लॉकने सगळ्यांना एकाच वेळी टेकायचं. मुख्य चिपवर फक्त पेस्टचा पातळ थर हवा. मेमरीवर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा थर्मल पॅड असतो, तो उरलेली फट भरतो. ब्लॉकमधली मेमरीवर येणारी पायरी दोन दशांश मिमीने जरी उंच राहिली, तरी ब्लॉक पॅडवरच तोलला जातो आणि मुख्य चिपखाली पेस्टचा जाड थर उरतो. तीच पायरी खोल गेली तर पॅड टेकत नाही, आणि या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी आधीच एवढी तापते की ती शंभर अंशांच्या पुढे जाते. मोठमोठ्या कंपन्यांनाही या उंचीशी झगडावं लागलं आहे. आयबीएमने १९८० मध्ये ३०८१ हा मोठा कॉम्प्युटर आणला, तेव्हा शंभराहून अधिक चिप्स असलेल्या एकेका मॉड्यूलमध्ये प्रत्येक चिपवर स्प्रिंगचा स्वतंत्र दट्ट्या टेकवला, फटींमध्ये हीलियम भरला आणि वर पाण्याने थंड होणारी पाटी बसवली. दट्ट्या आपापल्या चिपपर्यंत खाली उतरायचा, म्हणून उंचीतला फरक चालून जायचा. एकसंध तांब्याच्या ब्लॉकला ती सवलत नाही. त्याला माप बरोबरच लागतं.

भाची : व्हर्नियरने घेतलंय मी माप.

मामा : व्हर्नियरने हे माप येत नाही. आण तो बोर्ड. आधी मोजू. काम घेतलं असं समजू नकोस.

दादाने सरफेस प्लेट पुसली, बोर्ड सारख्या उंचीच्या पॅरलल ब्लॉकवर ठेवला आणि हाइट गेजला पपी डायल लावला. मायक्रोमीटर चिपला लावायचा नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं. सिलिकॉन ठिसूळ, कडेवर दाब आला की कपची उडते. पपी डायलचा दाब अगदी हलका असतो. शून्य त्याने मुख्य चिपभोवतीच्या चार भोकांजवळ, बोर्डच्या पृष्ठभागावर लावलं, कारण ब्लॉकचे पाय तिथेच टेकणार. मग मुख्य चिपचे चार कोपरे, मध्य, आणि एकामागून एक मेमरीच्या चिप्स. तो आकडा सांगत होता, ती वहीत लिहीत होती. चिपच्या चार कोपऱ्यांचे आकडेही सारखे आले नाहीत. बोर्ड मुळातच किंचित वाकलेला असतो, आणि स्क्रू आवळल्यावर त्याचा आकार आणखी बदलतो. दादाने तिला पाठीमागून लावायची जाड पट्टी ड्रॉइंगमध्ये वाढवायला लावली. तिने ती तिथेच वाढवली.

मामा : आता आतलं सांग. पाणी जाणार कुठून?

भाची : मुख्य चिपच्या बरोबर वर तांब्यात उभ्या चिरा. मधे फिन उभ्या राहतील, त्यांच्यातून पाणी.

मामा : चिरा कशाने पाडणार? माझ्याकडे स्लिटिंग सॉ आहे एक मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरचा मागवता येईल, पण तांब्यात तो चालवायचा म्हणजे फीड फार जपून द्यावी लागते. बुरा अडकला की सॉ गेला. कंपनीच्या ब्लॉकमधल्या फिन अशा कापत नाहीत. त्या स्कायव्हिंगने उचलतात. धारदार पातं तांब्यात तिरकं घालायचं, पातळ पापुद्रा सोलायचा, पण तोडायचा नाही, जागच्या जागी उभा करायचा. पाव मिलिमीटरच्या आसपास फिन आणि तेवढीच फट. ते मशीन माझ्याकडे नाही. तू त्यांच्या बरोबरीचा ब्लॉक बनवूच शकत नाहीस.

इथे दादा बरोबर होता, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाणी उष्णता वाहून फार नेतं, पण स्वतःतून पुढे सरकू फार कमी देतं. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, पाण्याची ०.६. त्यामुळे फट रुंद असली की फिनला चिकटून जाणारं पाणीच काय ते तापतं आणि मधलं तसंच निघून जातं. फट जितकी अरुंद, तितकं काम चांगलं. स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीज या दोघांनी १९८१ मध्ये थेट सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंदीच्या चिरा कोरून, चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट एवढी उष्णता पाण्याने काढून दाखवली होती. आजच्या ब्लॉकमधल्या बारीक फिनच्या मुळाशी तोच विचार आहे.

मी : दादा, बारीक फिन चांगली हे खरं. पण हिला तेवढी लागते का, ते आधी बघू. हे कार्ड पूर्ण भारावर ३२० वॉट खातं. त्यातले मुख्य चिपमधून अडीचशे येतात असं धर. चिप ६२८ चौरस मिलिमीटरची आहे. म्हणजे चौरस सेंटिमीटरला चाळीस वॉट. प्रोसेसर आहे आय९-१३९००के, तो २५३ वॉटपर्यंत जातो आणि त्याचं सिलिकॉन याच्या निम्म्याहूनही लहान आहे. तिथे चौरस सेंटिमीटरला शंभराच्या घरात जातं, वर धातूची टोपी आणि तिच्याखालचा थर आडवा येतो तो वेगळाच.

मामा : म्हणजे प्रोसेसरला बारीक फिन लागणार आणि हिच्या कार्डाला जाडी चालेल.

भाची : मी दोन्हींची ड्रॉइंगं काढली आहेत.

मामा : प्रोसेसरचं ठेवून दे. तो विकत मिळतो आणि तुझ्यापेक्षा चांगला मिळतो. मिळतं ते बनवू नये.

मला हे पटलं. तिला पटायला वेळ लागला. पंपाबद्दल मात्र वाद झालाच नाही. अशा कामात नेहमी वापरतात त्या डी५ पंपाचा रोटर एका सिरॅमिकच्या गोळीवर पाण्यातच फिरतो, शाफ्ट बाहेर येत नाही, म्हणून शाफ्टचं सीलही नाही आणि ते गळण्याचा प्रश्नही नाही. लॅंग या घराण्याने काढलेली ती रचना घरगुती गरम पाण्याच्या पाइपलाइनमध्येही चालते. ती घरी बनवायला कुणी जाऊ नये.

मामा : बरं, बनवायचाच तर ॲल्युमिनियमचा बनव. ६०६१ चा तुकडा पडून आहे. लोण्यासारखं कापतं. तांबं चिवट, टूलच्या धारेला चिकटतं, फिनिश फाटतं, टॅप अडकतो.

मी : उष्णतेच्या हिशेबाने दादाचं म्हणणं वाटतं तेवढं चुकीचं नाही. चिप आणि फिन यांच्या मधला तळ तीन मिलिमीटरचा धरला आणि उष्णता सरळ वर जाते असं मानलं, तर अडीचशे वॉटला तांब्यात तीन अंशांचा फरक पडतो, ६०६१ मध्ये सातच्या आसपास, पितळेत दहा. तांब्याचा फायदा आहे, पण चार अंशांचा.

भाची : आणि रेडिएटर तांबं-पितळेचा आहे, त्याचं काय? एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम ठेवलं की ॲल्युमिनियम झिजतं. पांढरा गाळ होतो आणि फिनमध्ये जाऊन बसतो.

मामा : तयार मिळणाऱ्या बंद किटमध्ये ॲल्युमिनियमचाच रेडिएटर असतो की. खाली तांब्याची पाटी असते.

भाची : ते कारखान्यात भरून बंद केलेले असतात, आत गंज रोखणारं रसायन मोजून घातलेलं असतं. माझं उघडं आहे. मी भाग बदलणार, पाणी काढणार, भरणार. त्या रसायनाच्या भरवशावर मी राहणार नाही.

बारावीच्या पुस्तकात ॲल्युमिनियमचं प्रमाण विभव उणे १.६६ व्होल्ट असतं आणि तांब्याचं अधिक ०.३४. विद्यार्थी हे आकडे परीक्षेपुरते पाठ करतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, त्याच्या आधाराने ते काही काळ तगतं, पण नळाच्या पाण्यातलं क्लोराइड तो थर फोडतं. एवढ्यासाठीच अशा कॉम्प्युटरमध्ये नळाचं पाणी कधी घालू नये. डिस्टिल्ड पाणी, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारी रसायनं, आणि सगळा धातू एका कुळातला. हे पाळलं की निम्मी दुखणी टळतात.

ब्लॉक तांब्याचा करायचं ठरलं. दादाने काम घेतलं असं अजूनही म्हटलं नव्हतं, पण झाकणाचा विषय त्यानेच काढला.

मामा : वरचं झाकण ॲसिटलचं कर. मशीनला छान, तडकत नाही.

भाची : ॲक्रिलिकचं करणार. आतलं दिसतं.

मामा : दिसण्यासाठी काम करायचं नसतं.

भाची : दिसलं तर कळतं, मामा. बुडबुडा अडकलाय का, फिनमध्ये कचरा बसलाय का, तांबं काळं पडतंय का. ॲसिटलचं झाकण असेल तर हे बघायला सगळं पाणी काढून ब्लॉक उघडावा लागेल.

यावर दादा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, मग कास्ट ॲक्रिलिक आण, एक्स्ट्रूडेड नको. एक्स्ट्रूडेड टूलखाली वितळतं आणि टॅप मारताना तडकतं. फिटिंगचा आटा कोणता, हे त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून त्याचा चेहरा खुलला. जगभर कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगला जो आटा वापरतात तो म्हणजे पाव इंची बीएसपी, आपल्याकडच्या न्यूमॅटिकच्या प्रत्येक दुकानात मिळणारा. इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१६ मिमी, टॅपआधी ड्रिल ११.८ चं.

मामा : पण रविवार पेठेत जाऊन नुसता पाव इंची पाइप टॅप मागू नकोस. टेपर टॅप हातात पडेल. टेपर आटा जसजसा आत जातो तसा बाहेर ढकलतो. लोखंडी पाइपला तो हवाच, ॲक्रिलिकला तो फोडतो. पॅरलल टॅप घे, आणि दुकानातच खात्री करून घे. सील आट्यावर होत नाही, फिटिंगच्या खालच्या ओ-रिंगवर होतं. म्हणून भोकाभोवतीचा फेस सपाट पाहिजे, आणि हाताने आवळलं की बास. पाना लावायचा नाही.

झाकण आणि तांबं यांच्यामधल्या ओ-रिंगच्या खाचेवर दोघांनी खूप वेळ घालवला. दोन मिमी जाडीच्या दोरीला दीड मिमी खोल खाच, म्हणजे दोरी पाव हिश्शाने दबते. तिने खाचेची रुंदीही दोनच मिमी दाखवली होती. रबर दबतं म्हणजे लहान होत नाही, नुसतं आकार बदलतं; दोन मिमीच्या दोरीचं छेदक्षेत्र ३.१४ चौरस मिमी, आणि दीड गुणिले दोन म्हणजे तीनच. रबराला जायला जागा नाही, म्हणजे झाकणच वर उचललं जाणार. रुंदी २.६ केली की क्षेत्र ३.९ होतं आणि रबर त्यात नीट मावतं. हा हिशेब कुणालाही वहीच्या कोपऱ्यात करता येतो. तो न केल्यामुळे गळलेले ब्लॉक पुष्कळ असतील, असं मला वाटतं.

यानंतर दादाने मूळ मुद्दा पुन्हा काढला, आणि या वेळी तो गंभीर होता.

मामा : सगळं जमेल. पण मला सांग, हे का करायचं? त्या कार्डाची पॉवर सॉफ्टवेअरमधून कमी करता येते म्हणतात ना? ३२० ची अडीचशे कर. पंखे हळू होतील. खर्च शून्य.

भाची : करता येते, आणि केलीय. काम थोडंच मंदावतं, हेही खरं. जे कुणी पहिल्यांदा करणार असेल त्याला मीही हेच सांगेन, आधी ते करून बघ. पण उन्हाळ्यात खोलीच पस्तीस अंशांची असते. अडीचशे वॉटलाही पंखे ओरडतात. पाणी असलं की तेवढीच उष्णता मोठ्या रेडिएटरवर पसरते आणि पंखे सावकाश फिरले तरी चालतं.

मामा : मग दुसरं कार्ड घे. ज्याचा ब्लॉक मिळतो ते.

भाची : चालू कार्ड टाकून? मामा, तुझं मिलिंग मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. त्याचा गिअर तुटला तेव्हा तू मशीन बदललंस की गिअर कापून घेतलास?

मामा : गिअर कापून घेतला. कारण मिळत नव्हता.

भाची : माझाही ब्लॉक मिळत नाहीये.

मामा : माझं मशीन रोज कमावतं. तुझ्या ब्लॉकवर माझं व्हीएमसी अर्धा दिवस अडकणार, त्याचे पैसे तू देशील का?

भाची : देईन. पण मी दुसरं सांगते. सेटर मिळत नाहीत, सगळे ऑपरेटर झालेत, असं तूच म्हणतोस ना?

हे दादाचं जुनं दुःख. त्याच्याकडे आयटीआय झालेली मुलं येतात, शिकतात, आणि जॉब लावणं, बटण दाबणं, जॉब काढणं यातच त्यांची वर्षं जातात. हजारो नगांची ऑर्डर असली की प्रोग्रॅम एकदाच बसतो, सेटिंग एकदाच होतं, तेही दादा स्वतः करतो, कारण चुकायला वाव नसतो. मुलांना मशीन चालवता येतं, लावता येत नाही. उद्या त्याचे डोळे थकले की सेटिंग कोण करणार, हे त्याला माहीत नाही. भोसरीत हे दुखणं त्याच्या एकट्याचं नाही.

भाची : हजार नगांच्या जॉबवर सेटिंग कोण शिकणार? तो एकदा बसला की महिनाभर हात लावायचा नसतो. एकाच नगाच्या कामात सगळंच येतं. मटेरियल कसं पकडायचं, शून्य कुठे घ्यायचं, कुठला फेस आधी. तुझ्याकडचा तो नवा मुलगा दे माझ्याबरोबर गुरुवारी. प्रोग्रॅम मी लिहिते, सेटिंग तो करेल. तू फक्त स्टार्ट दाबायच्या आधी बघ.

मामा : आणि टूल जॉबमध्ये घुसलं तर?

भाची : आधी हवेत चालवू. झेड पन्नास मिलिमीटर वर उचलून.

मामा : (बऱ्याच वेळाने) शंभर वर उचलायचा. आणि रॅपिड पंचवीस टक्क्यांवर.

असं ते काम घेतलं गेलं. शॉपमध्ये काय काय झालं ते सगळं सांगत नाही. तांबं टूलला चिकटायचं तसं चिकटलं; दादाने कोटिंग नसलेलं, पॉलिश केलेलं दोन धारांचं कार्बाइड काढून दिलं, कूलंटची धार नेमकी कटवर लावली, तेव्हा पृष्ठभाग स्वच्छ यायला लागला. चिपला टेकणारा भाग शेवटी सरफेस प्लेटवर पॉलिश पेपर ठेवून, हात एका दिशेने न फिरवता, पाणी घालत घासला. सपाटी तपासायला निळा रंग लावून बघितलं तेव्हा तो सगळीकडे सारखा उठला. त्या मुलाने तो ब्लॉक हातात घेऊन किती वेळ न्याहाळला, ते मी पाहिलं आहे.

एक सावधगिरी दादालाही माहीत नव्हती, ती तिने सांगितली. ॲक्रिलिक अल्कोहोलने पुसायचं नाही. टॅप मारलेल्या जागी ताण असतो आणि आयसोप्रोपिल लागलं की तिथून बारीक तडे जातात. पेस्ट पुसायला तेच अल्कोहोल लागतं, म्हणून बाटली हाताशी असते आणि घात होतो. साबणाचं कोमट पाणी पुरतं.

मामा : आता टेस्टिंग. पाण्याने नाही, हवेने. अर्धा बार. त्याच्या वर जायचं नाही, ॲक्रिलिक आहे. गेजचा काटा अर्धा तास हलता कामा नये.

भाची : आणि त्यानंतर पाणी, पण बोर्डला वीज नाही. पॉवर सप्लायच्या चोवीस पिनच्या कनेक्टरमधली सोळावी पिन शेजारच्या ग्राउंडला जोडली की फक्त पंप चालू करता येतो. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर, आणि रात्रभर तसंच चालू ठेवायचं.

पाणी आणि वीज एका पेटीत ठेवायची ही कल्पनाच दादाला शेवटपर्यंत रुचली नाही. पाषाणला आयसर पुणेमध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही चिप्सपर्यंत पाणी नेऊनच थंड ठेवतात, हे मी त्याला सांगितलं. त्याचं उत्तर असं की, तिथे बघायला माणसं असतात, हिच्या खोलीत आजी झोपलेली असते. म्हणूनच त्याने चाचणीचा आग्रह धरला, आणि तो आग्रह बरोबर होता. डिस्टिल्ड पाणी सुरुवातीला विजेला फारसं वाहू देत नाही, पण धातूतून आणि धुळीतून आयन घेतलं की देतं. गळती कार्ड चालू असताना झाली तर ब्लॉकची सगळी मेहनत कार्डासकट जाते.

कार्ड आता पूर्ण भारावरही साठ अंशांच्या आत राहतं आणि पंखे ऐकू येत नाहीत. तयार ब्लॉक मिळाला असता, तर तो या कामापेक्षा स्वस्त पडला असता आणि दोन-तीन अंश थंडही राहिला असता. दादा हे अजूनही म्हणतो आणि ते खरं आहे. माझं मत असं : जे बाजारात मिळतं ते विकत घ्यावं, जे मिळत नाही ते बनवावं. आपल्याकडे ते बनवायला लागणारी मशिनं प्रत्येक एमआयडीसीत आहेत. उणीव आहे ती एका नगाचं काम हातात घेणाऱ्यांची.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. शॉपमध्ये फोटो दाखवायला जाऊ नका. मापं टाकलेलं ड्रॉइंग, कुठलं माप कशाला टेकणार आहे याची नोंद, आणि प्लास्टिकचा एक नग घेऊन जा. पैसे सेटिंगचे द्या, वजनाचे नाही.

आणि भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली इथे ज्यांची शॉप आहेत त्यांना विनंती. सुट्टीच्या दिवशी कुणी मुलगा किंवा मुलगी असं ड्रॉइंग घेऊन दाराशी आली, तर एकच नग आहे म्हणून परत पाठवू नका. तुमच्याकडच्या एखाद्या ऑपरेटरला त्यांच्याबरोबर मशीनवर उभं करा, आणि सेटिंग त्याला करू द्या.